पावसाळ्यातला पहिला गड, सोबत बाबा : नागपूरहून कुठे जावं?

रानवारा_नागपूर

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं आहोत. मी २७ वर्षांची, बँकेत नोकरी. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणि बाबा, वय ५९, वीज खात्यातून निवृत्त. तिघांपैकी कोणीही पावसाळ्यात गडावर गेलेलं नाही.

खरी इच्छा बाबांची आहे. त्यांनी लाईनमन म्हणून सुरुवात केली. पावसाळा म्हणजे त्यांच्यासाठी फॉल्ट, तुटलेल्या तारा, रात्री दोनला आलेला फोन. पाऊस पाहायला म्हणून ते कधी घराबाहेर पडलेच नाहीत. आता म्हणतात, एकदा भर पावसात गड पाहायचा. उंचीची भीती त्यांना अजिबात नाही. पण उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. शुगर आहे, गोळ्यांवर ताब्यात आहे. रोज सकाळी अंबाझरीला चालायला जातात.

भावाचं म्हणणं नाशिककडचा हरिहर गड. मोबाईलवर त्या उभ्या पायऱ्या पाहून त्याने ते ठरवूनच टाकलंय. समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत गाडी सरळ जाते, शनिवार-रविवारात होऊन जाईल, असा त्याचा हिशोब. मला मनातून भीती वाटून राहिली आहे, पण ती खरी आहे की उगाच, तेच कळत नाही.

तर विचारायचं हे की पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नागपूरहून कुठे जावं? जूनमध्ये, जुलैत की ऑगस्टमध्ये? बूट कसे घ्यावेत? आणि बाबांना न्यावं की नाही, हे स्पष्ट सांगा.

---

मूळ_धरमपेठ

मी नागपूरचाच, नोकरीमुळे पुण्यात असतो. हरिहर पहिल्यांदा नको, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला पावसात तर नकोच. त्या पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, हाताने धरायला खोबण्या आहेत, पण रुंदी एका माणसापुरती. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की मध्येच लटकून थांबावं लागतं. उतरताना तोंड कड्याकडे करून, मागे पाय टाकत यावं लागतं. पावसाळी रविवारी तिथे रांग असते.

सह्याद्रीतच यायचं असेल तर लोहगड. रात्रीच्या गाडीने नागपूरहून पुणे, तिथून लोणावळा लोकलने मळवली. मळवलीहून भाजे गावातून लोहगडवाडीपर्यंत चालत या, नाहीतर गाडी करा. वर चढायला बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात आणि चढ त्या दरवाज्यांमध्ये आपोआप वाटला जातो. काकांना दर दरवाज्याशी बसायला जागा मिळेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगड आहे. गर्दी मात्र प्रचंड. जमलं तर मंगळवार-बुधवार बघा.

---

सातपुडा_बाई

ताई, मी नागपूरला शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीत मुलींना घेऊन डोंगरात जाते. मुलीच्या वयाची आहेस म्हणून 'तू' म्हणते. तुझी भीती खरी आहे, उगाच नाही. आणि बाबांना न्यायचंच आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, फक्त गड बदल. गाविलगडला जा.

वरचे दादा म्हणतात तो लोहगड सुंदरच आहे. पण नागपूरचा माणूस पहिल्या पावसाळी गडासाठी रात्रभर गाडीत बसून, अंग आंबलेलं असताना, न झोपलेल्या पायांनी ओल्या दगडावर चढायला लागतो, हे मला पटत नाही. आणि समृद्धीवरून गाडी सरळ जाते म्हणून सहाशे किलोमीटर कमी होत नाहीत. दोन दिवसांत जाऊन यायचं म्हणजे परतीच्या वाटेवर गाडी चालवणारा डोळे ताणून बसलेला असणार, आणि तो तुझा भाऊच असणार. शिवाय एवढ्या लांब गेलं की 'आलोच आहोत तर वर जाऊच' हा हट्ट चढतो. पावसात माणसं अडचणीत येतात ती बहुतेक या हट्टापायी. गाविलगड आपल्या दाराशी आहे. वरुणराजा फारच कोसळला तर चिखलदऱ्यात भजी खाऊन परत यायचं आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा जायचं. परत फिरणं सोपं असेल असा गड पहिल्यांदा निवडावा.

आता गाविलगडाबद्दल. अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला लागून, मेळघाटच्या जंगलात आहे. उंची अकराशे मीटरच्या आसपास. नागपूर तीनशे दहा मीटरवर आहे, म्हणजे आठशे मीटरचा फरक पडतो, पण त्यातला जवळजवळ सगळा घाटात गाडीच चढते. तुझ्या बाबांच्या गुडघ्यासाठी ही मोठी सोय. चिखलदऱ्याहून गडाच्या तोंडापर्यंत रस्ता आहे. पुढे आत जे चालायचं ते चालायचं, आणि आत चालायला भरपूर आहे. किल्ला अवाढव्य आहे. वेळ काढून नीट पाहायचा तर तीन-चार तास पाहिजेत.

गड जुना आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास तो बांधला किंवा वाढवला. पुढे फत्तेउल्ला इमादउल्मुल्कने डागडुजी केली आणि त्यानेच १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही सुरू केली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरचा, लहानपणी पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा. दिल्ली दरवाज्यावर सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. तो पक्षी विजयनगरच्या बाजूचा. वऱ्हाडातल्या मुसलमान राजाच्या दरवाज्यावर तो कसा आला, हे मुलींना तिथेच उभं करून सांगते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते वर्गात चाळीस मिनिटांच्या तासाला कधी दिसत नाही. ओल्या दगडावर ती शिल्पं उन्हाळ्यापेक्षा ठळक दिसतात. धुळीचा थर धुऊन जातो आणि काळा दगड उजळतो. बाबांना तिथे दहा मिनिटं नक्की उभं कर.

आणि हा आपल्या नागपूरकरांचा गड आहे. १८०३ मध्ये तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या ताब्यात होता. आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो चालून आला. दक्षिणेची बाजू म्हणजे सरळ कडा. म्हणून इंग्रजांनी जड तोफा डोंगरातून वाटा पाडत, माणसांनी ओढत उत्तरेकडे नेल्या आणि तिथून तट फोडला. १५ डिसेंबरला बाहेरचा किल्ला पडला. पण आतला किल्ला मध्ये दरी ठेवून उभा होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडे राहिले. १८५८ मध्ये इंग्रजांनी तटबंदी मोडली. बाहेरच्या तटावरून आतल्या तटाकडे पाहा, मधली दरी पाहा, म्हणजे एकच किल्ला दोनदा का जिंकावा लागला ते कळतं. पुस्तकात चार ओळी वाचून ते कळत नाही.

पावसाळ्यातच का जायचं, तेही सांगते. हा गड पाण्यावर जगायचा. आत देवतलाव, मछली तलाव असे तलाव आहेत. उन्हाळ्यात ते नुसते खड्डे वाटतात. पावसात गेलं की उताराचं पाणी कुठून कुठे वळवलंय, कुठे अडवलंय, सगळं चालू स्थितीत दिसतं. तुझे बाबा वीज खात्यातले, त्यांना ही यंत्रणा माझ्यापेक्षा लवकर समजेल. अचलपूरच्या मैदानात रिमझिम असते तेव्हा वर चिखलदऱ्यात झड लागलेली असते, कारण ढग डोंगराला अडून वर चढतात आणि थंड होऊन रिकामे होतात. चिखलदऱ्याच्या पठाराच्या उत्तरेचं पाणी सिपना नदीतून तापीला जातं. दक्षिणेचं चंद्रभागेतून पूर्णेला, आणि पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते. एका पठाराच्या दोन बाजूंनी निघालेलं पाणी शेकडो किलोमीटर फिरून एकाच नदीत. मला हे दर वर्षी नव्याने सांगावंसं वाटतं.

कधी जायचं? जूनमध्ये नको. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यात येतो, आणि येताना विजा घेऊन येतो. सप्टेंबरच्या अखेरीस परतीच्या पावसातही तेच. गडाचा उघडा माथा ही विजेच्या वेळी असायची जागा नाही, हे बाबांना समजावायची गरज नाही. जुलैचा शेवट ते ऑगस्ट हा काळ चांगला. तेव्हा पाऊस सततचा असतो पण कडकडाट कमी. निघायच्या आदल्या संध्याकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अमरावती जिल्ह्यासाठीचा इशारा बघ. ऑरेंज किंवा रेड असेल तर घरी बस. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेव.

बुटांचं. महाग घेऊ नकोस, नवे घालून थेट गडावर जाऊ नकोस. तळव्याला खोल, रुंद खाचा पाहिजेत आणि तळवा हाताने थोडा वाकला पाहिजे. कडक प्लास्टिकसारखा तळवा ओल्या दगडावर घसरतोच. दोन-तीन आठवडे रोज घालून चाल, आणि एकदा पाऊस पडत असताना घराच्या गच्चीवर चालून बघ. तिथे घसरत असशील तर गडावरही घसरशील. जीन्स अजिबात नको. ओली झाली की जड होते, वाळत नाही आणि वारा लागला की अंग गार पडतं. साधी नायलॉनची ट्रॅकपँट बरी.

बाबांची शुगर आहे म्हणून मोज्यांचं वेगळं लिहिते, कारण याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ओल्या मोज्यात चार तास चालल्यावर कातडी पांढरी, मऊ पडते आणि सोलली जाते. शुगरवाल्या माणसाला ते लवकर कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. मोज्यांचे तीन जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घे. मध्ये एकदा बसवून बूट काढायला लाव, पाय पूस, बोटांच्या मधे बघ, कोरडा जोड घाल. त्यांना संकोच वाटेल, तरी तूच बघ. गोळी घेतल्यावर उपाशी चालायचं नाही. खिशात हाताशी येईल असा गूळ-शेंगदाणा किंवा बिस्किटं हवीत, सॅकच्या तळाशी नकोत. पावसात तहान लागत नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही. तेही तुलाच आठवण करून द्यावं लागेल. आणि जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचार.

गुडघ्याची परीक्षा आधीच घे, रामटेकला. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडमंदिरावर जा आणि त्याच पायऱ्यांनी उतर. नागपूरहून पन्नास किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. चढायचं कौतुक नाही, उतरताना बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला असेल तर गाविलगडात दरवाजे आणि जवळचा तलाव एवढंच पाहून परत यायचं. नसेल सुजला तर पूर्ण फिरा.

---

रानवारा_नागपूर

काकू, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. विजेच्या वाक्याला ते "बरोबर" म्हणाले आणि लगेच उठून जुने बूट शोधायला गेले. आई म्हणते मोजे मीच बांधून देईन.

भाऊ मात्र नाराज आहे. त्याचं म्हणणं, गाडी दारापर्यंत जाते तर मग ट्रेक कसला? त्याला काय सांगू?

आणि एक व्यवहाराचं : गाडी न नेता एसटीने जाता येईल का?

---

परतवाडेकर

ताई, मी परतवाड्याचाच आहो म्हणून रस्त्याचं मी सांगतो. नागपूर ते अमरावती, अमरावती ते परतवाडा, परतवाडा ते चिखलदरा. आपल्या गाडीने पाच तास धरा, पाऊस असला तर अजून एखादा. गणेशपेठहून अमरावतीच्या गाड्या दिवसभर असतात. अमरावतीहून परतवाड्याच्या भरपूर आहेत, चिखलदऱ्याच्याही आहेत. बदलत बदलत आरामात पोचता. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता ते डेपोत उतरल्या-उतरल्या विचारून घ्या. वर गेल्यावर विचारून काही फायदा नसते.

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढी-मोथ्याकडून, दुसरी घटांगकडून. कोणती चालू आहे, कुठे दरड आली, हे परतवाड्यात चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळते. ऑगस्टातल्या शनिवार-रविवारी आणि १५ ऑगस्टला घाट जाम राहते, मी लोकांना दोन-दोन तास एकाच वळणावर बसलेलं पाह्यलं. सोमवार ते गुरुवार या. तेव्हा जंगलही शांत असते आणि खोलीचा भावही बरा मिळते.

आमच्याकडचं धुकं साधं समजू नका. जुलै-ऑगस्टात समोरचा माणूस दहा पावलांवर दिसत नाही असं होते. गाडीवाल्याने दिवे खाली ठेवायचे, वर केले की समोर नुसती पांढरी भिंत दिसते. अन् गडावर गवत पार कमरेच्या वर जाते. त्यात जुने खड्डे, पडक्या भिंती, पाण्याची टाकी झाकून जातात. मळलेली वाट सोडून फोटोसाठी गवतात शिरू नका. अस्वलं आहेत, बिबट आहे, सापही आहेतच. जागा मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाची आहे, चौकीवर नोंद करून तिकीट घ्यावं लागते. सकाळी लवकर आत जा, उजेडातच बाहेर या. चौकीवर विचारलं तर गावातला वाटाड्या मिळते का ते कळते. मिळाला तर घ्याच. आमची कोरकू आदिवासी पोरं त्या धुक्यातही वाट चुकत नाहीत, आणि त्यांना चार पैसे मिळतात.

येताना मोथ्याला खवा घ्या. गवळ्यांचा आहे, ताजा राहते.

---

सातपुडा_बाई

परतवाडेकर भाऊ, फार चांगलं लिहिलंत. धुक्यातल्या दिव्यांचं माझ्या ध्यानातच आलं नसतं.

आता तुझ्या भावासाठी. त्याला सांग, गाडी गडाच्या तोंडाशी जाते, गडावर जात नाही. पावसात चालणं ही वेगळी विद्या आहे आणि ती सपाटीजवळच शिकायची असते. ओल्या कातळावर लांब ढांग टाकायची नाही. पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवायचा, वजन टाकायच्या आधी थोडं दाबून बघायचं. हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं. धोका असतो तो चकचकीत काळ्या दगडाचा. त्यावर बारीक शेवाळाचा थर असतो आणि तो दगडाच्याच रंगाचा दिसतो. खडबडीत दगड किंवा गवताची मुळं असलेली कडा शोधायची. उतरताना थोडं आडवं व्हायचं, गुडघे वाकलेले ठेवायचे. पडलोच तर पुढे पडायचं नाही, बसकण मारायची. हे सगळं पायात बसलं की पुढच्या वर्षी मित्रांसोबत, हिवाळ्यात, कोरड्या दगडावर हरिहरला जा म्हणावं. मी स्वतः त्याला वाट सांगेन.

आणि त्याला एक काम दे. घड्याळ त्याच्याकडे. निघायच्या आधी ठरवायचं की एक वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचं. वर काहीही राहिलं असलं तरी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला 'तू मागे राहा' म्हटलं की तो पुढे पळतो. 'सगळ्यांना परत आणायची जबाबदारी तुझी' म्हटलं की तोच सगळ्यात सावध होतो. माझ्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलीला मी नेहमी शेवटी चालायला लावते, आणि कोणी मागे पडलं तर तीच हात देते.

नाल्याचं सांगायचं राहिलं. गडाच्या आत किंवा घाटात वाहतं पाणी ओलांडायची वेळ आली आणि ते अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला, तर वर कुठेतरी मोठा पाऊस झालाय हे समजायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. ओलांडायचं नाही. उंच जागी थांबायचं. आपल्या डोंगरातले नाले चढतात तसे पाऊस थांबल्यावर उतरतातही. थांबलेला माणूस उशिरा का होईना घरी पोचतो. धबधब्याच्या तोंडाशी, कड्याच्या काठावर उभं राहून फोटो नको. काठाची माती पावसाने खालून पोखरलेली असते, वरून गवत शाबूत दिसतं.

मोडक्या तटावरही चढू नका. चुन्यातले दगड पावसात सैल होतात. तोफ पाहायची, बुरूज पाहायचा, पण टोकावर बसायचं नाही.

चिखलदऱ्यातच रात्री मुक्काम करा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, भीमकुंड लांबूनच बघा, लवकर झोपा आणि सकाळी ताज्या पायांनी गडावर जा. त्याच दिवशी नागपूरहून निघून त्याच दिवशी गड करून परत, असं करू नका. नागपुरात घरी एकाला सांगून ठेवा की गडात कधी शिरणार आणि बाहेर आल्यावर फोन करणार. आत मोबाईलला रेंज मिळेलच असं धरू नका. अडचण आलीच तर ११२.

---

निळी_छत्री

मी मागच्या पावसाळ्यात माझ्या आईला गाविलगडला नेलं होतं, ती बासष्टची आहे. सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी वस्तू : इतवारीतून आणलेला जाड प्लास्टिकचा तुकडा, चादरीएवढा. ओल्या दगडावर आईला बसायला झाला, पावसाची सर आली तेव्हा डोक्यावर धरायला झाला आणि शेवटी ओले बूट गुंडाळायलाही. सॅकमधलं सगळं आधी मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून मग ती पिशवी सॅकमध्ये ठेवा. सॅकवरचं कव्हर वाऱ्याने उडतं, आतली पिशवी उडत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, चहा नाही. आई म्हणाली, गार अंगाला गरम पाण्यानेच खरं बरं वाटलं. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, ओल्या हातानेही खाता येतात.

गडावरची मोठी मशीद उंचवट्यावर आहे, तिथून धुकं हललं की चारी बाजू दिसतात. आम्हाला अर्धा तास काहीच दिसलं नाही आणि मग एकदम सगळं दिसलं. तेवढा वेळ हातात ठेवा.

---

रानवारा_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते सांगते. येत्या रविवारी रामटेक, अंबाळ्याकडून, बाबांच्या गुडघ्यासाठी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी चिखलदरा, बुधवारी गड, मी दोन दिवसांची रजा टाकली आहे. गाडी नेतो आहोत, पण घाटात बाबा चालवणार, कारण पावसात रात्री-बेरात्री गाडी चालवायची सवय आमच्यात त्यांनाच आहे. घड्याळ भावाकडे. त्याने काल स्वतःहून सांगितलं की एक नाही, साडेबारालाच मागे फिरायचं.

एकच राहिलं. बाबा म्हणतात छत्री घेतो, तीच टेकत चालेन. मी म्हणते काठी घ्या. घरात यावरून दोन दिवस वाद चालू आहे.

---

सातपुडा_बाई

काठी. वर वाऱ्याने छत्री उलटते आणि माणूस ती सांभाळायच्या नादात पाय विसरतो. शिवाय छत्रीची धातूची टोकदार काठी दगडावर सरकते. बांबूची घ्या, बांबू बाजारात मिळेल. कोपर काटकोनात वाकेल एवढी उंच, मुठीत नीट मावेल एवढी जाड, खालच्या टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधून. चढताना डाव्या हातात, उतरतानाही डाव्याच, कारण दुखरा गुडघा उजवा आहे आणि आधार उलट बाजूला हवा. काठी आणि उजवा पाय बरोबर पुढे टाकायचे. उतरताना आधी काठी खालच्या पायरीवर, मग उजवा पाय, मग डावा. रामटेकलाच या क्रमाची सवय करून घ्या म्हणावं. डोक्यावर पावसासाठी टोपीचा रेनकोट असू दे, दोन्ही हात मोकळे राहतील.